स्पर्धेचे पिस्तूल निवडताना

परवा अंबरनाथच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, स्पर्धेसाठी डबल अ‍ॅक्शन पिस्तूल घेऊ का?" आयुध कारखान्याच्या गावात वाढलेला पोरगा, त्याला अप्रूप असणारच. पण वडिलांनी पैसे काटकसरीने साठवलेले. उत्तर जपून द्यावे लागले.

डबल अ‍ॅक्शन म्हणजे काय? चाप एकदा ओढला की मागचा घोडा आधी ताणला जातो, मग सुटतो. दोन्ही कामे एकाच बोटाची, म्हणून ओढ लांब आणि जड. पहिल्या गोळीनंतर घोडा ताणलेलाच राहतो. पुढची ओढ हलकी, आखूड. म्हणजे बोटाला सवयी दोन! आणि हात हलतो तो नेमका पहिल्या गोळीला. धावपळ करीत गोळ्या झाडायच्या काही स्पर्धांत ही जड ओढ नियमानेच घ्यावी लागते. तिथे ते ठीक. कागदी लक्ष्यासाठी मात्र नको.

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 साली जकार्ताच्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवले, ते 25 मीटर पिस्तूल प्रकारात. तिथे चापाचा भार किमान 1000 ग्रॅम लागतो; 10 मीटर हवाई पिस्तुलाला 500 ग्रॅम पुरतो.

त्याला म्हटले, सुरुवात हवाई पिस्तुलानेच कर. दुकानात डोळे मिटून हात उचलायचा, मग डोळे उघडायचे. पुढची खूण मागच्या खाचेत बसलेली दिसली, तर ती मूठ आपल्या हाताची. किंमत त्यानंतर विचारावी. गोळीच्या पिस्तुलाचे, त्याच्या परवान्याचे पुढे पाहू. पोरगा जरा हिरमुसला, वडिलांनी मात्र दुसऱ्याच दिवशी बदलापूरहून फोन केला, "सर, ही मूठ लाकडाची असते का हो?"