जपानच्या वर्गातला दुसरा शिक्षक
(फुलंब्री येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



हल्ली मोबाइलवर एक जाहिरात फिरते : ‘जपानच्या शाळेत इंग्रजी शिकवा, अनुभव नको.’ तुमच्यापैकी दोघा-तिघांनी मला ती पाठवून विचारलं, खरं आहे का? खरं आहे, पण अर्धंच.

जपान सरकारने १९८७ साली ‘जेट’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. परदेशी पदवीधर तिथल्या सरकारी शाळांत सहायक शिक्षक म्हणून जातात. त्यांना ‘एएलटी’ म्हणतात. पदवी कुठल्याही विषयाची चालते, बी.एड. लागत नाही. करार एका वर्षाचा, फार तर पाच वर्षांपर्यंत वाढतो. पगार आता पहिल्या वर्षाला साधारण ४० लाख येन. रुपयांत गुणाकार करून हुरळू नका. भाडं, कर, विमा तिथल्याच भावाने भरायचा असतो.

काम काय? वर्ग जपानी शिक्षकाचा, तुम्ही त्याच्या जोडीला. उच्चार करून दाखवायचे, खेळ घ्यायचे, मुलांना बोलतं करायचं. २०२० पासून तिथे पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला, तिसरी-चौथीला तोंडओळख. मुलं व्याकरणात पक्की, पण बोलायला उठवलं की मान खाली. हे चित्र तुम्हाला ओळखीचं वाटेल! दुपारी मुलं वर्गातच जेवतात, मग स्वतः झाडू-फडकं घेऊन शाळा साफ करतात. आपल्याकडे हे सांगितलं तर पालक भांडायला येतील.

आपल्या माणसाला जेवणाचा प्रश्न येतो. शाळेच्या जेवणात डुकराचं मांस असू शकतं, आणि ‘मिरिन’ नावाचं मद्यार्क असलेलं गोड पाणी चवीला घालतात, ते दिसतही नाही. म्हणून डबा न्यायचा आणि कारण पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगायचं. जुम्म्याची वेळ शाळेच्या वेळेत येते, तेही आधी बोलून ठेवायचं. मशिदी आहेत. कोबेची १९३५ची, ती उभारण्यात हिंदुस्थानी व्यापाऱ्यांचा पैसा होता.

आणि तिथे शिकवायला जाणारे आपण काही पहिले नाही. भोपाळचे मौलवी बरकतुल्ला १९०९ साली तोक्योच्या परदेशी भाषांच्या शाळेत हिंदुस्थानी शिकवायला गेले. सोबत ‘इस्लामिक फ्रॅटर्निटी’ हे वर्तमानपत्र काढलं. इंग्रज सरकारच्या दबावाने ते बंद पडलं, १९१४ मध्ये नोकरीही गेली. पुढच्या वर्षी काबूलमध्ये स्थापन झालेल्या हंगामी सरकारचे ते पंतप्रधान होते. त्यांचं नाव आपल्या किती जणांना माहीत आहे?

आता जाहिरातीतला झाकलेला अर्धा भाग. परदेशी भाषा शिकवायच्या व्हिसासाठी साधारणपणे त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. इथे बसलेले बहुतेक जण जिल्हा परिषदेच्या मराठी किंवा उर्दू शाळेतले आहेत. पदवी इंग्रजीतून घेतली तरी ती १२ वर्षं भरत नाहीत. त्यामुळे ‘सगळं मॅनेज करतो, आधी पैसे भरा’ म्हणणाऱ्याला अब्बांची जमीन गहाण ठेवून पैसे देऊ नका. जेटला एजंट लागतच नाही. जे पहिलीपासून इंग्रजी माध्यमात होते, त्यांनी मात्र जरूर अर्ज करावा.

बाकीच्यांचं काय? माझ्या मते आपल्यासाठी दार इंग्रजीचं नाही, जपानीचं आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेत मुलांना विचारलं, कुठली परदेशी भाषा शिकायची? रोबोट आवडतात म्हणून त्यांनी जपानी निवडली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन तास चालले. खेड्यातली, मराठी माध्यमाची मुलं. आपल्या फुलंब्रीवरून तर अजिंठ्याला जाणारे जपानी प्रवासी कायम ये-जा करतात. त्यांच्याशी जपानीत बोलणारे गाइड औरंगाबादेत आहेत. माझ्या सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात कोड लिहिणारे भरपूर मिळतात, पण जपानी ग्राहकाचं पत्र वाचू शकणारा हवा असला की शोधाशोध सुरू होते.

भाषा वाटते तितकी परकी नाही. ‘तोक्यो नि इकु’ म्हणजे ‘तोक्योला जातो’. ‘नि’ म्हणजे आपला ‘ला’, शब्दाच्या मागेच लागतो, क्रियापद शेवटी. उर्दूतही तसंच. इंग्रजीसाठी वाक्य उलटं करावं लागतं, इथे नाही. त्यांची अक्षरंसुद्धा अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न अशी चालतात. हा क्रम बौद्ध भिक्षूंसोबत गेलेल्या आपल्याकडच्या वर्णमालेवरून आला. अवघड आहे ती कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं. ती हजारोंनी आहेत आणि पाठांतराला पर्याय नाही. पण ज्या घरात लहानपणी कुरआन हिफ्ज करणारी मुलं आहेत, तिथे पाठांतराची भीती कशाला?

परीक्षेचं नाव जेएलपीटी. पाच पायऱ्या, एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत अवघड. पुण्यात केंद्र आहे. नोकरीत उपयोग व्हायला निदान एन-३ धरा. मुलींना अम्मी-अब्बा लांब पाठवणार नाहीत, असं आत्ता मागून कुणीतरी म्हणालं. अनुवादाचं बरंचसं काम घरी बसूनही होतं. जाण्याचा विषय नंतर काढता येईल.

मगरिबला अजून अर्धा तास आहे. फळ्यावर पहिली पाच अक्षरं लिहितो, ज्यांना पाहायची त्यांनी पुढे या.