सोंगांच्या खेळांतील अवघड गडी

पत्त्यांच्या डावांत एखाद्यानें हातीं रंगाचें पान असतांना दुसरेंच पान टाकलें, तर दोन-चार हातांच्या आंत तें उघडकीस येतें. बुद्धिबळांत घोडा सरळ रेषेंत चालविणाऱ्याचा हात समोरचा गडी जागच्या जागीं धरतो. अशा खेळांत नियम मोडणें आणि खेळ बिघडविणें या गोष्टी जवळजवळ एकच असतात. परंतु एक खेळ असा आहे, कीं ज्यांत एकही नियम न मोडतां एकटा गडी चौघांची संध्याकाळ मातींत घालूं शकतो. इंग्रजींत त्यास रोल-प्लेइंग गेम म्हणतात. मराठींत सोंगांचा खेळ म्हणावयास हरकत नाहीं.

ज्या श्रोत्यांना हा खेळ ठाऊक नसेल, त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगावयाचें तर त्याची मांडणी अशी: टेबलाभोंवतीं चार-पांच मंडळी बसतात. त्यांपैकीं एक सूत्रधार असतो. बाकीचा प्रत्येक जण एकेक पात्र घेतो. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार म्हणतो, "समोर दरवाजा आहे, बंद आहे, आंतून कोणी कण्हल्यासारखा आवाज येत आहे." एक म्हणतो, "मी दाराला कान लावतों." दुसरा म्हणतो, "मी लाथ मारून दार फोडतों." फुटेल कीं नाहीं, तें वीस पैलूंचा फांसा सांगतो. यांत पट लागतोच असें नाहीं, डाव संपला असेंही होत नाहीं, आणि कोणी जिंकतही नाहीं. एकच कथा महिनोन् महिने, कधीं वर्षानुवर्षें चालते. जें बोलावें तें करतां येतें, हीच या खेळाची सारी गोडी. आणि अवघड गडी उत्पन्न होतो तोही याच मोकळिकींतून.

खेळाचा जन्म अमेरिकेंतील. मिनेसोटा राज्यांतील मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत लढायांचे बैठे खेळ खेळणारी कांहीं तरुण मंडळी होती. त्यांपैकीं डेव्हिड वेस्ली यानें १९६९ सालीं ब्राउनस्टाइन नांवाच्या एका कल्पित जर्मन गांवाचा डाव मांडला. नेहमींप्रमाणें सैन्यें न देतां त्यानें गड्यांना गांवांतील एकेक माणूस करून टाकलें. मंडळी पटाभोंवतीं बसेनातच. दोघे-दोघे बाजूच्या खोल्यांत जाऊन कट करूं लागले, कोणाची पाळी कोणाला कळेना, आणि आपला डाव साफ फसला असें मानून वेस्ली निराश झाला. मौज अशी, कीं त्याच मंडळींनीं पुढें "असाच डाव पुन्हा मांड" म्हणून त्याचा पिच्छा पुरविला.

पुढच्या अशाच एका डावांत, एका कल्पित देशाचा पट होता. डेव्ह आर्नेसन या गड्याकडे शांततावादी विद्यार्थी-क्रांतिकारकाचें पात्र आलें. पत्रकें वांटलीं तर त्याला गुण मिळावयाचे. त्यानें इतरांना अशी थाप मारली, कीं आपण वस्तुतः अमेरिकन हेरखात्याचे छुपे माणूस आहों. सर्वांनीं ती खरी मानली, आणि अखेरीस हा गृहस्थ हेलिकॉप्टरांत बसून, वरून पत्रकांचा पाऊस पाडीत, सर्वांहून अधिक गुण मिळवून गेला. सूत्रधारानें जें मनांतही आणलें नव्हतें तें यानें केलें. एखाद्या कडक पंचानें त्याच क्षणीं त्यास दटावून खालीं बसविलें असतें. याच आर्नेसननें पुढें ब्लॅकमूर नांवाचें जग रचलें. आणि विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा येथील गॅरी गायगॅक्स याच्या जोडीनें १९७४ सालीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या जातीचा पहिला छापील खेळ बाहेर काढला. एका पेटींत तीन लहान पुस्तिका, किंमत १० डॉलर, पहिली आवृत्ति १,००० प्रतींची. तात्पर्य, अनपेक्षित वागणारा प्रत्येक गडी उपद्रवी म्हणून मोजावयाचा, तर हा खेळ जन्मालाच आला नसता. उपद्रव कोणता आणि कल्पकता कोणती, हें ओळखण्याची एक साधी खूण आहे. त्या कृत्यानंतर टेबलावरील इतर माणसें पुढें वाकतात, कीं पाठ टेकून मागें रेलतात?

१९७४ च्या पुस्तिकांत एका मोहिमेंत चार ते पन्नास गडी असावेत, आणि साधारण वीस गड्यांमागें एक पंच असावा, असें प्रमाण दिलें होतें. आज टेबलावर बहुधा चार-पांचच असतात. वीस जणांत एकाचा आडमुठेपणा विरून जातो. पांचांत तो एक पंचमांश खेळ असतो.

पहिल्या पिढीला हा प्रश्न लवकरच भेडसावूं लागला. गायगॅक्सनें १९७९ सालीं सूत्रधारांसाठीं मोठा मार्गदर्शक ग्रंथ लिहिला, त्यांत त्रासदायक गड्यांस कसें वागवावें याचें स्वतंत्र टिपण आहे. त्यानें सुचविलेले उपाय ऐकण्यासारखे आहेत. उपद्रव देणाऱ्याच्या पात्राच्या डोक्यावर आकाशांतून निळी वीज पाडावी. अदृश्य राहून अचानक झडप घालणारें प्रेत त्याच्यावर सोडावें. किंवा त्या पात्राच्या आकर्षकतेचा एक गुण कायमचा काढून घ्यावा. हें सारें पुन्हा पुन्हा करावें लागत असेल तर तें निरुपयोगी समजावें, आणि अखेरचा उपाय म्हणजे त्या माणसास पुढच्या बैठकीचें बोलावणें न करणें, असेंही त्यानेंच लिहून ठेवलें आहे.

हा अखेरचा भाग शहाणपणाचा, पहिला नव्हे. निळी वीज ही छडीच होय, आणि तीही चुकीच्या पाठीवर बसते. अपराध माणसाचा, शिक्षा पात्राला! ज्याच्यावर वीज पडली तो मनांत म्हणतो, "ठीक आहे, आतां डाव माझा आणि सूत्रधाराचा." बाकीचे चौघे निमूटपणें ही जुगलबंदी पाहत बसतात. शिवाय पंचच एका बाजूचा गडी झाला, म्हणजे त्याच्या उरलेल्या निर्णयांवरचाही विश्वास उडतो. शाळेंतील असो वा टेबलावरील असो, ज्यास सर्वांचें लक्ष हवें आहे, त्याला शिक्षा हें बक्षीसच वाटतें.

१९८० सालीं ग्लेन ब्लॅको यानें 'डिफरंट वर्ल्ड्स' या नियतकालिकांत एक लेख लिहिला, आणि भांडणांचें मूळ निराळ्या ठिकाणीं दाखविलें. त्याच्या मतें या खेळाचीं चार अंगें आहेत: पात्र वठविणें, कथा रचणें, पात्राचें सामर्थ्य वाढवीत नेणें आणि लढाईचे डावपेच. ज्याला डावपेच आवडतात, त्याला भटारखान्यांतल्या आचाऱ्याशीं अर्धा तास गप्पा मारणारा सोबती असह्य होतो. आणि त्या गप्पा मारणाऱ्याला, प्रत्येक पावलास गुण मोजणारा गडी वाणसौदा करणारा वाटतो. दोघेही सज्जनच. एकाला ख्याल हवा असतो, दुसऱ्याला लावणी, आणि बैठक एकच. असल्या ठिकाणीं दोष माणसांत शोधण्यापेक्षां बैठकीच्या ठरावांत शोधावा. हल्लीं पहिला डाव सुरू होण्यापूर्वीं एक संध्याकाळ नुसती बोलण्यासाठीं राखून ठेवण्याची चाल पडली आहे. कथा कोणत्या रसाची, सोबत्यांनीं एकमेकांवर हत्यार उगारलेलें चालेल कीं नाहीं, न सांगतां गैरहजर राहिल्यास काय करावयाचें, हें तेव्हांच ठरतें. २०२० सालीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या अधिकृत पुस्तकांतही या पूर्वबैठकीचें प्रकरण आलें. वरातीच्या दिवशीं मानपानाचीं भांडणें करण्यापेक्षां याद्या आधीं कराव्यात, हें आपल्याकडील वडीलधाऱ्यांस निराळें सांगावयास नको.

लहानसहान खोडींना लहानसहान उपाय पुरतात. नियमांचा वकील हा त्यांपैकींच. तो दर दोन मिनिटांनीं पुस्तक उघडतो. त्याचें म्हणणें बहुधा बरोबरही असतें, हेंच दुःख! त्याला एवढेंच सांगावें, कीं "तूर्त निर्णय असा, पुस्तक खेळ संपल्यावर पाहूं," आणि मग खरोखरच पाहावें. सर्वांच्या वतीनें बोलणाऱ्यास अडविण्यासाठीं दुसऱ्याचें नांव घेऊन प्रश्न विचारावा. न बोलणारा गडी मात्र अवघड गड्यांत कोणी धरूं नये. कित्येक माणसें ऐकण्यासाठींच येतात, आणि तीं पुढच्या शनिवारीं सर्वांच्या आधीं हजर असतात.

खरा बिकट गडी तो, जो म्हणतो, "मी काय करूं? माझें पात्रच तसें आहे!" त्यानें चोराचें सोंग घेतलेलें असतें, आणि तो शत्रूची तिजोरी सोडून सोबत्यांच्या गाठोड्यांत हात घालतो. १९८४ मध्यें निघालेल्या 'ड्रॅगनलान्स' या कथामालिकेंत केंडर नांवाची एक ठेंगणी, निर्भय जात होती. मालकी म्हणजे काय तें या जातीस ठाऊकच नाहीं. हातीं लागेल तें निरागसपणें खिशांत घालावयाचें. कथेंत हें गोड वाटतें. टेबलावर मात्र या जातीनें कितीएक बैठकींत कलह माजविला, कारण लबाडी करूं इच्छिणाऱ्याला तिनें निरागसतेचा छापील दाखलाच मिळवून दिला. पात्र तसें आहे, हें खरें. पण तें पात्र निवडलें कोणी? रंगभूमीवर खलनायकाचें काम करणारा नट समोरच्या नटाचा गळा दाबतो, तेव्हां त्याचीं बोटें सैल असतात.

समजा, शनिवारीं संध्याकाळीं जमणारे असे पांच मित्र आहेत, आणि चोरानें एका सोबतिणीच्या पात्राची अंगठी लांबविली आहे. सूत्रधारानें काय करावें? टेबलावर, सर्वांदेखत, कांहीं करूं नये. दुसऱ्या दिवशीं त्याला एकट्याला गांठून मित्रासारखें विचारावें: "काल तुझ्या चोरानें तिची अंगठी उचलली. ती कांहीं बोलली नाहीं, पण नंतर तासभर तिनें फांसा हातांत घेतला नाहीं. तुला त्या चोरींत काय गंमत वाटते, तेवढें मला सांग." या प्रश्नाचें उत्तर फार मोलाचें असतें. "सांपडूं कीं काय, ही धडधड आवडते," असें तो म्हणाला, तर काम सोपें. त्याला राजाच्या तिजोरीची किल्ली दाखवावी, म्हणजे सोबत्यांचीं गाठोडीं सुटतात. "लढाईंत मला कांहीं कामच नसतें," असें म्हणाला, तर चूक सूत्रधाराची, आणि ती त्यानें पुढच्याच डावांत दुरुस्त करावी. पण "ती चिडली कीं मजा येते," असें उत्तर आलें, तर पात्राचा आणि खेळाचा संबंधच उरला नाहीं.

सूत्रधार स्वतःच अवघड असतो, हेंही बोलून टाकिलेलें बरें. आपली कथा घरून लिहून आणून ती चौघांकडून फक्त वदवून घेणारा सूत्रधार पुष्कळांनीं पाहिला आहे. त्याच्या टेबलावर जो बंड करतो, त्याला उपद्रवी म्हणणें अन्यायाचें आहे. कधीं भीतिदायक प्रसंग रंगवितांना समोरच्याची कोणती जुनी जखम उघडी पडली, हें सूत्रधारास कळतही नाहीं. यासाठीं जॉन स्टॅव्ह्रोपोलोस या खेळाडूनें २०१३ सालीं एक अगदीं साधी युक्ति काढली. टेबलाच्या मध्यभागीं फुलीचें चिन्ह काढलेला एक कागद ठेवावयाचा. ज्याला प्रसंग सोसवत नसेल त्यानें त्यास बोट लावावें, कीं तो प्रसंग तेथेंच गाळावयाचा. कारण कोणीं विचारावयाचें नाहीं. कित्येकांना हा नाजूकपणा वाटतो. परंतु कारण न विचारण्याची सभ्यता ज्या घरांत आहे, तेथें पाहुणा दुसऱ्यांदा येतो.

इतकें करूनही एखादा सुधारत नाहीं. मग त्याला "येऊं नकोस" म्हणावयाचें काय? येथेंच मंडळी कच खातात, आणि त्याला कारणही आहे. या खेळांत रमणारे पुष्कळ जण लहानपणीं मैदानावर संघ निवडतांना शेवटपर्यंत कडेला उभे राहिलेले असतात. कोणास बाहेर काढणें म्हणजे काय, हें त्यांना ठाऊक असतें. म्हणून तें पाप आपल्या हातून होऊं नये असें त्यांना वाटतें. ही भावना थोर आहे, पण तिची किंमत भलताच मनुष्य देतो. ज्या सोबतिणीची अंगठी गेली, तिला पुढच्या शनिवारीं परीक्षा असते. त्यानंतर दुसऱ्याला कचेरींत काम निघतें. तिसरा कांहीं न कळवितां येईनासा होतो. कोणीच कोणाला घालविलें नाहीं, आणि तरी तिघे गेले! टेबलावर उरतात सूत्रधार आणि तो चोर.

तेव्हां सांगावयाचें तें सूत्रधारानें वेळेवर, समक्ष आणि थोडक्या शब्दांत सांगावें. चिठ्ठी पाठवूं नये. बैठकीची वेळ गुपचूप बदलूं नये. "या टेबलावर आपलें जमत नाहीं. तूं माझा मित्र आहेस, चहाला ये. पण शनिवारीं येऊं नकोस." हें ऐकून तो रागावेल, आणि रागावण्याचा त्याला हक्क आहे. त्याच्या दोषांची यादी वाचूं नये, आणि इतरांचीं नांवें पुढें करूं नयेत.

राहिला प्रश्न त्याच्या पात्राचा. रागाच्या भरांत कांहीं मंडळी पुढच्याच डावांत त्या चोराला दरींत लोटून देतात आणि हंशा पिकवितात. तसें करूं नये. एखाद्या बंदरावर त्या चोराला जहाज मिळावें, आणि तो दूरच्या मुलखीं निघून जावा. ज्या कागदावर त्याचे गुण, त्याचीं हत्यारें आणि ती चोरलेली अंगठी लिहिलेली आहे, तो कागद फाडूं नये. अंगठीची ओळ तेवढी खोडून तिच्या मालकिणीच्या कागदावर लिहावी, आणि चोराचा कागद फांशांच्या पेटींत, सर्वांत तळाशीं, घडी घालून ठेवून द्यावा.