तारेवरचे हरकारे

पूर्वीं डाक पायीं चालत असे, तेव्हां सबंध वाट एकच हरकारा चालत नसे. टप्पा आला, कीं तो थैली ताज्या दमाच्या दुसऱ्या हरकाऱ्याच्या हातीं देई. संगणकांच्या जाळ्यांत हेंच काम रिपीटर नांवाचें लहानसें यंत्र करतें.

ईथरनेटची कल्पना अमेरिकेंत, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत, रॉबर्ट मेटकाफ यांनीं १९७३ सालीं मांडली. पुढें रूढ झालेल्या जाड तारेच्या एका तुकड्याची लांबी फार तर ५०० मीटर असे. त्यापलीकडे विद्युल्लहर क्षीण होते. रिपीटर ती नुसती मोठी करीत नाहीं. तसें केल्यास खरखरही वाढेल. तो तिच्यांतील शून्य व एक ओळखून नवी, स्वच्छ लहर पुढें सोडतो.

श्रोतेहो, त्याची जोडणी सोपी, पण शिस्तीची आहे. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांस ५० ओहमचा रोध बसवावा, नाहीं तर लहर टोकावरून माघारी फिरते. जोडणींत कोठेंही वळसा होऊं देऊं नये. रिपीटरला पत्ता लागत नाहीं. मात्र त्याच्या ट्रान्सीव्हरवरील ‘एस. क्यू. ई.’ चांचणी बंद ठेवावी. नाहीं तर तिची खूण तो टक्कर समजतो.

दोन संगणक एकाच वेळीं बोलूं लागले, कीं टक्कर होते. निरोप संपण्यापूर्वींच ती धाडणाऱ्यास कळली पाहिजे. लहानांत लहान निरोप ५१२ बिटांचा. सेकंदास एक कोटी बिट या गतीनें तो ५१.२ मायक्रोसेकंदांत संपतो. रिपीटर तर प्रत्येक टप्प्यास थोडा विलंब लावतोच. म्हणून नियम ठरला : दोन संगणकांच्या वाटेंत फार तर पांच तुकडे, चार रिपीटर, आणि संगणक तीनच तुकड्यांवर.

हा नियम मोडणारें जाळें पहांटेच्या शांततेंत निर्दोष चालतें. कचेरी भरली, कीं निरोप हरवूं लागतात. धाडणारा निरोप पोंचला म्हणून स्वस्थ बसतो. टक्कर मात्र त्याच्या पाठीमागें झालेली असते.

आतां रिपीटरची जागा बहुतेक ठिकाणीं स्विचनें घेतली आहे, व त्या टकरीही संपल्या आहेत. परंतु जेथें जुनी तार अजून चालू आहे, तेथें नवा तुकडा जोडण्यापूर्वीं टप्पे मोजावे. हरकारा विश्वासू असला, तरी वाटेला सीमा असतेच.