‘वय झालं’ म्हणण्याआधी

बेळगाव, धारवाड, गोवा आणि पुण्याहून एवढी वळणे सोसून आलेले डॉक्टर, गावोगावच्या आशाताई आणि मित्रहो,

आमच्या जोयड्यात काळी नदी, अणशीचे जंगल दाखवून, ‘इथली हवा शुद्ध’ असे सांगून आम्ही पर्यटकांना बोलावतो. ते खोटे नाही. पण ती हवा अंगणापर्यंतच. आत ओले लाकूड धुमसतेय, पावसामुळे दार लोटलेले, ओसरीवर आजोबांची बिडी. चढावर दम लागला की आमचा माणूस म्हणतो, ‘वय झालं.’

तो चुकत नाही, हीच गंमत. पहिल्या सेकंदात जोराने सोडता येणारी हवा निरोगी माणसातही पंचविशीनंतर वर्षाला 25 ते 30 मिलिलिटरने घटते. बिडी-सिगारेट हा वेग वाढवते. अमेरिका-कॅनडातल्या ‘लंग हेल्थ स्टडी’त, फुप्फुसे थोडी बिघडलेल्या पुरुषांपैकी ओढत राहिलेल्यांची घट वर्षाला सुमारे 66 मिलिलिटर, सोडलेल्यांची 30. गेलेले परत येत नाही; वेग मात्र आवरतो.

पेशींचेही तसेच. गुणसूत्रांच्या टोकांवरचे टेलोमिअर प्रत्येक विभाजनात झिजतात. धुराने ही झीज वाढते. थकलेली पेशी विभाजन थांबवते, पण मरत नाही. भांडखोर शेजाऱ्यासारखी बसल्या जागी दाह पसरवत राहते. 2020 मध्ये ‘नेचर’मध्ये एक दिलासा आला: धूम्रपान सोडलेल्यांच्या श्वासनलिकेत जवळपास निरोगी, लांब टेलोमिअरच्या पेशी पुन्हा वाढलेल्या आढळल्या. साठीतल्या बिडीवाल्याला ‘आता सोडून काय उपयोग?’ असे म्हणू देऊ नका.

पण सगळा दोष बिडीवर टाकला की आमच्या बायका हिशेबातून सुटतात. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये मांडले, की कधीही धूम्रपान न केलेल्यांनाही सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) होतो आणि चुलीचा धूर हे त्याचे मोठे कारण असू शकते. सिलिंडर घरात आला तरी आंघोळीचे पाणी चुलीवरच तापते. रानातल्या लाकडाला पैसे पडत नाहीत.

दुपारच्या जेवणात आमची कंदमुळे आहेत, पोटभर खा. नंतर मागच्या खोलीत फुंकलेली हवा मोजणारे स्पायरोमीटर मांडले आहे. आशाताईंनी बोलावलेल्या बायका तिथे बसतील. त्यांना फुंकायला लावा, आकडा त्यांच्या भाषेत समजावून सांगा, आणि ‘तंबाखू सोडा’ एवढाच सल्ला देऊन परत पाठवू नका. त्यांतल्या बहुतेकींनी बिडीला हातही लावलेला नाही.