कढईतील कालचे तेल

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत डॉक्टरांनी केलेले भाषण)



आज चहासोबत कचोरी नाही, फुटाणे आणि ज्वारीच्या लाह्या आहेत. शेगावच्या कचोरीचा लौकिक ज्या बुलढाणा जिल्ह्याचा, तेथील डोणगावात हा कद्रूपणा शोभत नाही, असे एक ज्येष्ठ स्नेही मघाशी म्हणाले. दोष माझा आहे. म्हणून खुलासाही मीच करतो.

कचोरीशी माझे वैर नाही. तिच्या पारीत मोहन कशाचे घातले आणि ती कोणत्या तेलात तळली, एवढाच माझा प्रश्न आहे. १९३७ साली डालडा बाजारात आला. तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळला की ते तुपासारखे थिजते. त्यात केलेली खारी, नानकटाई खुसखुशीत होते, टिकते आणि स्वस्तही पडते. रिकाम्या डब्यात आमच्या घरी तुळस लावलेली असे, इतका तो घरचा झाला होता. मात्र तेल असे अर्धवट थिजवताना त्यात ट्रान्स मेद तयार होतो. तो रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवतो आणि उपकारक कोलेस्टेरॉल घटवतो. दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्या माणसाच्या आहारात तो २.२ ग्रॅमहून कमी असावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशातही १ जानेवारी २०२२ पासून पदार्थातील एकूण मेदाच्या २ टक्क्यांहून अधिक ट्रान्स मेद असण्यास कायद्याने मनाई आहे.

डब्याचा प्रश्न त्यामुळे बराचसा मार्गी लागला. कढईचा प्रश्न शिल्लक आहे. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की ते काळे व दाट होते, फेसाळते, त्याचा धूर डोळ्यांना झोंबतो. अशा तेलातील ‘ध्रुवीय संयुगे’ २५ टक्क्यांवर गेल्यास ते वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. पण आठवडी बाजारातील भज्यांच्या कढईवर हे मोजणार कोण? तेथे कालच्या तेलात आजचे तेल ओतले जाते. आणि केवळ दुकानदाराला बोल का लावावा? दिवाळीचे उरलेले तळण आपणही बरणीत भरून महिनाभर फोडणीला वापरतो. तेल फेकणे जिवावर येते, हे मी समजू शकतो. म्हणून तळताना कढईत तेल थोडेच घ्यावे, उरलेले गाळून दोन दिवसांत भाजीला संपवावे.

आता थोडे अवघड बोलतो. पुण्यतिथीला, वाढदिवसाला अनेक दाते आपल्या वॉर्डात फराळाची पाकिटे वाटतात. त्यामागील भावना पवित्र आहे. परंतु हृदयविकाराचा झटका येऊन चार दिवसही न झालेल्या रुग्णाच्या हातातील शेव-बालुशाही दात्यांच्या देखत काढून घेण्याचा प्रसंग माझ्यावर आला आहे. त्या क्षणी दोघांच्याही चेहऱ्याकडे मला पाहवले नाही. रात्रभर जागलेले नातेवाईक तर तेच पाकीट जेवण म्हणून खातात, आणि त्यांतील कित्येकांना त्याच आजाराचा वारसा असतो.

माझी विनंती आहे की, येत्या वर्षी ही पाकिटे केळी, फुटाणे, भाजलेल्या फल्लीच्या शेंगा यांची असावीत. नातेवाइकांना ज्वारीची भाकरी आणि वरण देता आले, तर त्याहून उत्तम. देणगीची पावती तशीच मिळेल. ज्यांची तिथी जवळ आली आहे, त्यांच्यासाठी कार्यालयात नोंदवही ठेवली आहे.