धागा तोच, सोबत निराळी
(हीरकमहोत्सवी वर्षातील विज्ञानदिनाच्या भाषणाचा मजकूर)



बालपणी कांजिण्या येऊन गेलेल्या माणसाला साठीच्या सुमारास एकाएकी नागीण होते. बाहेरून काही लागले असावे, असा घरच्यांचा तर्क असतो. वास्तविक नवे काहीच आलेले नसते. कांजिण्यांचाच विषाणू पाठीच्या कण्यालगतच्या चेतापेशींत इतकी वर्षे निद्रिस्त असतो. विषाणू असा निजतो कसा?

या प्रश्नाचा सखोल अभ्यास त्याच कुळातील, ओठांवर वारंवार पुरळ उठवणाऱ्या हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूवर झाला आहे. त्याच्या कवचात सुमारे १,५२,००० अक्षरजोड्यांचा डीएनएचा धागा ठासून भरलेला असतो. मानवी पेशीतील डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. एका रिळात आठ हिस्टोन आणि त्याभोवती सुमारे १४७ जोड्या. विषाणूच्या कवचात अशी रिळे नसतात. त्यामुळे त्याचा धागा पेशीच्या केंद्रकात शिरतो तो उघडाच.

पेशी त्याला तसे राहू देत नाही. पहिल्या काही तासांतच त्यावर हिस्टोन चढू लागतात आणि पीएमएल नावाचे प्रथिन त्याच्याभोवती गोळा होते. परक्या जनुकांचे वाचन होऊ नये, हा या पहाऱ्याचा परिणाम. मात्र विषाणूही रिकाम्या हाती आलेला नसतो. त्याच्यासोबत आलेले व्हीपी-१६ हे प्रथिन पेशीच्याच एचसीएफ-१ आणि ऑक्ट-१ या प्रथिनांना हाताशी धरून हिस्टोनांवरील बंदीच्या खुणा पुसवते. पुढे आयसीपी-० हे त्याचे दुसरे प्रथिन पीएमएलचा नाश घडवते. त्वचेच्या पेशीत बहुधा विषाणूची सरशी होते. त्याच्या असंख्य प्रती निघतात आणि पेशी मरते.

चेतापेशीत चित्र पालटते. तेथे विषाणू लांबलचक तंतूच्या टोकातून शिरतो. केंद्रकापर्यंतच्या प्रवासात व्हीपी-१६ मागे पडते, आणि एचसीएफ-१ तेथे मुख्यतः केंद्रकाबाहेर असते. मदतनीस न उरल्याने हिस्टोन धाग्याला आवळून धरतात आणि विषाणू निजतो. धागा तोच, अक्षरे तीच. भवितव्य ठरते ते सोबतच्या प्रथिनांवरून.

औषधांची मर्यादाही येथेच कळते. असायक्लोव्हिर हे औषध विषाणूच्या नव्या प्रती बनण्यास अटकाव करते. निजलेल्या धाग्याला ते स्पर्शही करू शकत नाही. म्हणून विषाणू समूळ जात नाही, आणि वेळेला महत्त्व येते. नागिणीचे पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत उपचार सुरू झाल्यास त्यांचा लाभ अधिक. डोळ्याजवळ पुरळ असेल तर क्षणाचाही विलंब नको.

नागिणीची दोन टोके जुळली की माणूस दगावतो, ही समजूत निराधार आहे. पुरळ सामान्यतः एकाच चेतेच्या क्षेत्रात, शरीराच्या एकाच बाजूस उठते. त्या भयापोटी मंत्र आणि लेपांत दवडलेले पहिले तीन दिवस मात्र परत मिळत नाहीत. घरातील वडीलधाऱ्यांसाठी ते तीन दिवस वाचवणे, हा शाळेत शिकलेल्या विज्ञानाचा खरा उपयोग होय.