दीडशे लिटरांचा संसार

मी सोलापूरची. शाळेत भूगोल शिकवण्यात माझी हयात गेली. कोलोरॅडो नदी आणि तिने कोरलेली ग्रँड कॅन्यन ही घळई मी फळ्यावर किती वेळा काढली असेल, त्याची मोजदाद नाही. ती प्रत्यक्ष पाहण्याचा योग निवृत्तीनंतर आला, २०२५ च्या मार्चअखेरीस. पण आज घळईबद्दल मी थोडेच बोलणार आहे. बोलायचे आहे ते एका नळाबद्दल.

माझा मुलगा अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात असतो. आम्ही दोघे तीन महिन्यांसाठी त्याच्याकडे गेलो होतो. घर प्रशस्त, पण मला काम म्हणून काही नाही. भांडी यंत्रात, कपडे यंत्रात. सून कामाला निघताना म्हणायची, "आई, तुम्ही आराम करा." आता आराम तरी माणसाने किती करायचा? तिचा हेतू चांगलाच होता, पण आपण या घरात पाहुणे आहोत, असे मला वाटू लागले होते. एके दिवशी मुलगा म्हणाला, "आपण मोटरहोम घेऊन वाळवंटात जाऊ." त्याचा नागपूरचा कॉलेजमित्र आणि त्याची बायकोही निघाली. आम्ही दोघे, मुलगा, सून, अकरा वर्षांचा नातू आणि ते दोघे, अशी सात माणसे झाली.

मोटरहोम म्हणजे चाकांवरचे घर. दिसायला आपल्या मिनीबससारखे. चालकाच्या डोक्यावर एक बिछाना, मागे एक, जेवणाचे टेबल खाली केले की तिसरा, बाकावर चौथा. गॅसची शेगडी, फ्रिज, बाथरूम सगळे आत. भाड्याने मिळते आणि चालवायला बहुतेक ठिकाणी मोटारीचाच परवाना चालतो. पण या घराचा खरा प्राण त्याच्या पोटात असतो. तिथे तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक धुण्याभांड्यांच्या सांडपाण्याची आणि तिसरी संडासची. आमच्या गाडीत चांगले पाणी मावायचे सुमारे दीडशे लिटर. नळाला पाणी यायचे ते बॅटरीवरच्या छोट्या पंपाने. त्याचे बटण भिंतीवर. बटण बंद असेल तर नळ कोरडा.

सात माणसांना दीडशे लिटर! हे ऐकले मात्र, मी सावरून बसले. श्रोतेहो, मी नोकरीत होते तेव्हा सोलापुरात वर्षानुवर्षे नळ तीन-चार दिवसांआड यायचा. उजनी धरण आमच्याच जिल्ह्यात, तरीही. दोन तांब्यांत अंघोळ कशी करायची, भाजी धुतलेले पाणी कुंडीत कसे घालायचे, हे मला कोणी शिकवायला नको होते. पहिल्याच संध्याकाळी मी पाण्याचा कारभार हाती घेतला. भांडी आधी कागदाने पुसायची, मग धुवायची, असा हुकूम सोडला. किती दिवसांनी मला काम मिळाले होते!

फिनिक्सच्या उत्तरेला निघालो तेव्हा दोन्ही बाजूंना सग्वारो नावाचे प्रचंड निवडुंग उभे होते. दोन-तीन मजली इमारतीएवढे उंच, अंगभर चुण्या पडलेले. पाऊस पडला की हे झाड मुळांनी पाणी ओढते, चुण्या उलगडतात आणि खोड फुगते. मग ते पाणी ते महिनोन्‌महिने पुरवून वापरते. त्याला पहिली फांदी फुटायला अनेकदा पन्नास-पाऊणशे वर्षे लागतात. नातू म्हणाला, "आजी, हे झाड तुझ्यासारखं आहे." मी ते कौतुकच समजले.

तीनेक तासांत गाडी हजारो फूट चढली, निवडुंग संपले आणि देवदारासारखी उंच झाडे लागली. वाळवंट म्हणजे नुसती वाळू, हे मी मुलांना शिकवलेले तिथे खोटे ठरले. ग्रँड कॅन्यनच्या काठी पोहोचलो तेव्हा सगळेच गप्प झाले. ही घळई ४४६ किलोमीटर लांब आणि ठिकठिकाणी दीड किलोमीटरहून खोल आहे. तळाशी नदी दोऱ्यासारखी दिसते. फळ्यावर मी ती नेहमी फार जाड काढत असे.

पुढे पेज या गावी ग्लेन कॅन्यन धरण पाहिले. हे धरण १९६३ पासून नदी अडवते आहे. मागचा लेक पॉवेल जलाशय आम्ही गेलो तेव्हा निम्मासुद्धा भरलेला नव्हता. लाल कड्यांवर पूर्वीच्या पातळीचा पांढरा पट्टा उमटलेला, बादलीला क्षार धरतात तसा.

तिथून नवाहो या मूळच्या रहिवाशांच्या प्रदेशात शिरलो. उरलेल्या अ‍ॅरिझोनात उन्हाळी वेळ पाळत नाहीत, हे लोक पाळतात. त्यामुळे आमच्या यांच्या घड्याळाची दिवसभर मागेपुढे फरफट झाली. शनिवारी संध्याकाळी मॉन्युमेंट व्हॅलीला पोहोचलो. सपाट माळावर लाल दगडाचे एकेकटे सुळके. १९३९ सालच्या ‘स्टेजकोच’ चित्रपटापासून हे दृश्य जगाला ओळखीचे आहे. आम्हाला मिळालेल्या जागेवर विजेची जोडणी नव्हती आणि पाण्याचीही नव्हती. टाकीत होते निम्मे पाणी.

आता माझी कथा सांगते. आदल्या दिवशी सुनेने चांगली दहा मिनिटे शॉवर घेतला होता. मी सगळ्यांसमोर बोलले, "इथे काय धरण बांधलंय का?" ती काही बोलली नाही, पण रात्री जेवलीही कमी. त्यानंतर आमच्यात कामापुरतेच बोलणे.

रविवारी पहाटे पंपाच्या कोरड्या घुरघुरीने जाग आली. मुलगा म्हणाला, "टाकी रिकामी." माझ्या तोंडून निघालेच, "मी काल सांगत होते ना!" आणि मी पाहिले सुनेकडे. बाकीचे खाली मान घालून बसले. तिचे डोळे भरले होते.

तोंड धुवायला म्हणून मी बेसिनपाशी गेले आणि नळाच्या तोटीला हात लावला, तर ती आधीच उघडी! रात्री पाणी प्यायला उठले होते तेव्हा पंपाचे बटण बंद होते. नळ कोरडा, म्हणून मी बाटलीतले पाणी प्यायले आणि तशीच झोपले. तोटी फिरवायची राहिली. पुढे कुणीतरी पंप लावला असणार. हीटरच्या आवाजात कुणालाच काही ऐकू आले नाही आणि सगळे पाणी सांडपाण्याच्या टाकीत गेले. नळ येण्याची वाट बघणाऱ्या घरात ही चूक कुणाकडून झालेली नाही? पण माझ्याकडून? मी हळूच तोटी बंद केली. कोणी पाहिले नाही. आणि खोटे कशाला बोलू, मी गप्प राहिले.

मुलाने गाडी काढली. काही मैलांवर पाणी भरण्याची जागा होती. तिथे पिकअप गाड्यांची रांग, प्रत्येकीच्या मागे प्लॅस्टिकची मोठी टाकी. आमच्या पुढे एक नवाहो आजी होती. नातवाने दुभाषाचे काम केले. तिच्या घरी नळ नाही, आठवड्यातून दोनदा ती इथे येते. भांड्यांचे पाणी मेंढ्यांच्या कुत्र्याला, म्हणाली. मी म्हटले, आमच्याकडे कुंडीला. दोघी हसलो. तिथल्या जवळपास तीस टक्के घरांत नळ नाही, असे सांगतात. कोलोरॅडो नदी त्यांच्या प्रदेशाच्या कडेने वाहते. तिचेच पाणी सुमारे ५४० किलोमीटरच्या कालव्याने फिनिक्सकडे जाते, माझ्या मुलाच्या नळाला येते. १८६८ च्या करारानुसार सरकारने आमच्या पाण्याची तजवीज करावी, असे नवाहोंचे म्हणणे होते. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते नाकारले.

त्या आजीने आपले पाणी भरून झाल्यावर नळी नीट झटकून, शेवटचा थेंबही बादलीत घेऊन माझ्या मुलाच्या हातात दिली. मला राहवेना. मी सुनेला बाजूला घेतले. म्हटले, "पाणी तू नाही संपवलंस. रात्री तोटी माझ्याकडून उघडी राहिली. सकाळी मला कळलं होतं, तरी मी बोलले नाही." ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, पंप मी लावला होता. दोन वाजता उठले होते, बंद करायला विसरले. सकाळपासून मलाही तीच भीती वाटत होती." आणि आम्ही दोघी त्या रांगेत उभ्या राहून अशा हसलो, की हे गाडीतून उतरून बघायला आले.

परत जागेवर आलो. तो दिवस पाडव्याचा होता. नातवाने झाडूची काठी आणली, सुनेने आपली रेशमी ओढणी दिली, मित्राच्या बायकोने साखरगाठीऐवजी मार्शमॅलोची माळ ओवली. वर माझा तांब्या पालथा घातला. गाडीच्या शिडीला बांधलेली ती गुढी वाऱ्यावर फडफडत होती आणि मागे लाल सुळके उभे होते. पूजेला सुनेने पेल्यात पाणी आणले, अगदी काठोकाठ भरून. मी काही बोलले नाही!

फिनिक्सला परतल्यावर ती कामाला निघताना "आराम करा" म्हणाली नाही. म्हणाली, "आई, बागेतल्या नळाचं जरा तुम्ही बघाल का?" तीन महिने संपेपर्यंत ते काम माझ्याकडे होते.

श्रोतेहो, आज तुमच्याकडे नळाचा दिवस नसेल, तर तोटी बंद आहे ना, एवढे एकदा उठून पाहून या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)